क्रूझच्या सुट्टीत स्कूबाचं सर्टिफिकेट: सात महिने, चार डाइव्ह

आईच्या पंचाहत्तरीला काय करायचं, हा विषय जुलै 2024 मध्ये घरात निघाला आणि तिने तो एका वाक्यात मिटवला. "मला आगबोटीतून न्या." ती मूळची वेंगुर्ल्याची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकण बोटीने ती मे महिन्यात गावी जायची. बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि पडावातून उतरावं लागायचं, हे तिने आम्हाला शंभरदा सांगितलंय. भावाने फेब्रुवारीतली पाच रात्रींची क्रूझ शोधली: मुंबई, गोवा, लक्षद्वीपमधलं अगत्ती, परत मुंबई. नकाशावर अगत्ती दिसलं आणि माझ्या मनात वेगळंच चक्र सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी मालवणला मी पर्यटक करतात तशी स्कूबा केली होती. त्यात पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, आपण फक्त बघायचं. वीस मिनिटांत वर आले तेव्हा मला रडू आलं होतं. तेव्हापासून स्वतःच्या जिवावर खाली जायचं मनात होतं, आणि त्यासाठी सर्टिफिकेट लागतं. मी 47 वर्षांची, बँकेत नोकरी, सलग आठवडाभर रजा मिळणं कठीण. म्हणून वाटलं, या क्रूझमध्येच कोर्स उरकता येईल.

तसा तो उरकता येत नाही, हे पहिल्याच फोनवर कळलं. जहाजाच्या सहलींच्या यादीत 'स्कूबा' असतं, पण ते मालवणसारखंच, हौशी लोकांसाठीचं. खरा कोर्स म्हणजे पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा 'ओपन वॉटर डायव्हर'. त्याचे तीन भाग: थिअरी, तलावातली पाच सत्रं आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. एका दिवसात जास्तीत जास्त तीनच प्रशिक्षण-डाइव्ह करता येतात, त्यामुळे चार डाइव्हना किमान दोन दिवस हवेतच. आमचं जहाज अगत्तीला एकच दिवस थांबणार होतं.

दादरच्या एका मैत्रिणीने ज्या प्रशिक्षकांचा नंबर दिला, त्यांनी यातून वाट काढून दिली. ते म्हणाले, "ताई, रेफरल करा." म्हणजे थिअरी आणि तलाव मुंबईत करायचा, त्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म घ्यायचा आणि समुद्रातल्या डाइव्ह दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या प्रशिक्षकाकडे करायच्या. शेवटचं तलावाचं सत्र झाल्यापासून तो फॉर्म 12 महिने चालतो. आणि चारही डाइव्ह एकाच ठिकाणी करायला हव्यात असंही नाही. आमचं जहाज गोव्यालाही दिवसभर थांबणार होतं. दोन गोव्यात, दोन अगत्तीला. गोव्यातल्या दोन झाल्या आणि अगत्तीचं हवामान बिघडलं, तरी निदान 'स्कूबा डायव्हर' या खालच्या पायरीचं कार्ड मिळतं, म्हणजे व्यावसायिकाच्या सोबतीने 12 मीटरपर्यंत जाता येतं. हे ऐकल्यावर माझी छाती जरा हलकी झाली. सगळं एकाच दिवसावर टांगलेलं नव्हतं.

गणपती झाल्यावर कामाला लागले. पहिला अडथळा वैद्यकीय फॉर्मचा. तो दहा प्रश्नांचा असतो. सगळी उत्तरं 'नाही' असली तर आपली सही पुरते. पण त्यात 'वय 45 पेक्षा जास्त आहे का' असा प्रश्न आहे, आणि 'हो' म्हटलं की पुढच्या चौकटीत धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असं विचारतात. माझं कोलेस्टेरॉल तीन वर्षांपासून वाढलेलं. तिथे 'हो' लिहिलं की डॉक्टरची सही लागतेच. एकाने मला सल्ला दिला, "नाही लिहा, कोण बघतंय." मी तसं केलं नाही आणि तुम्हीही करू नका. पाण्याखाली छातीत दुखलं तर फॉर्मवरचं खोटं उत्तर कोणाच्याच उपयोगाचं नसतं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट वाचला आणि म्हणाले, "यातलं मला काही कळत नाही, मी सही करणार नाही." मला राग आला नाही, त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी फिजिशियनकडे पाठवलं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, रक्ताच्या तपासण्या, दोन वेळची फी, मिळून 4,600 रुपये आणि अडीच आठवडे. त्या डॉक्टरांनी फॉर्मसोबतची डॉक्टरांसाठीची सूचना पूर्ण वाचली, मग सही केली. हा फॉर्म भरायला उशीर करू नका. डॉक्टरची सही असल्याशिवाय तलावातही उतरू देत नाहीत.

पोहणं हा दुसरा भाग. 200 मीटर न थांबता पोहायचं, वेळेचं बंधन नाही, कुठल्याही पद्धतीने चालतं. शिवाय दहा मिनिटं तरंगत राहायचं. मला पोहता येत होतं, पण दम नव्हता. शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावावर ऑक्टोबरपासून सकाळी जायला लागले. तिथला मोठा तलाव 50 मीटरचा, म्हणजे चार फेऱ्या. पहिल्या दिवशी दीड फेरीत कठडा धरला. नोव्हेंबरच्या शेवटी सहा फेऱ्या व्हायला लागल्या. थिअरी फोनवरच होती: पाच प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न, आणि नंतर 50 प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला 75 टक्के. मुलुंड ते सीएसएमटी लोकलमध्ये मी ती वाचून संपवली. दाबाचा हिशोब मात्र वही घेऊन बसून केला. दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो. 10 मीटरवर फुग्यातली हवा निम्मी जागा घेते, आणि वर येताना तीच हवा पुन्हा पसरते. म्हणूनच या खेळात पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. फुप्फुसात कोंडलेली हवा वर येताना पसरली तर फुप्फुस फाटू शकतं.

तलावाचे दिवस होते शनिवार 7 आणि रविवार 8 डिसेंबर. अंधेरीतल्या एका क्लबचा तलाव, खोल बाजूला बारा फूट. सकाळी सातला पाणी इतकं गार की वेटसूट घालूनही दात वाजत होते. आम्ही चौघं होतो, बाकी तिघं पंचविशीतले. बीसीडी म्हणजे हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाने घ्यायचं साधन, वजनांचा पट्टा, सगळं स्वतः जोडायला शिकवलं. पहिला तास छान गेला. पाण्याखाली पहिला श्वास घेतला तेव्हा रेग्युलेटरचा तो घुमणारा आवाज ऐकून हसू आलं.

मग मास्कची पाळी आली. आधी मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. नंतर पूर्ण भरायचा. मग काढून ठेवायचा, एक मिनिट तसंच तोंडाने श्वास घ्यायचा, पुन्हा लावायचा. पहिलं जमलं. पूर्ण भरला आणि पाणी नाकाला लागलं, तशी मी विचार न करता नाकाने श्वास ओढला. घशात पाणी. पुढच्या क्षणी मी पायाने जमीन ढकलून वर आले होते, खोकत, हातात मास्क. सर पाठोपाठ वर आले. म्हणाले, "वर यायचं नव्हतं, पण श्वास सोडत आलात, हे चांगलं केलंत." मला काहीच ऐकू येत नव्हतं. अजून दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा तेच. त्या दिवशी मी मास्कचा भाग सोडून बाकीचं केलं आणि लोकलमध्ये खिडकीशी बसून ठरवलं की उद्या जायचं नाही.

रात्री सरांचा फोन आला. म्हणाले, "बादली आहे ना घरी?" त्यांनी सांगितलं तसं मी केलं. बाथरूममध्ये पाटावर बसायचं, बादली काठोकाठ भरायची. स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची वाकडी नळी, तोंडात, मास्क नाही. चेहरा पाण्यात घालायचा आणि श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. पहिले चार श्वास झाले की नाक आपोआप ओढायला बघतं. तेव्हा नाकातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. ज्या नाकातून हवा बाहेर जातेय त्यात पाणी शिरत नाही. मी 20 पासून उलटे आकडे मोजत बसले. तिसऱ्या वेळी एक मिनिट झालं, सहाव्या वेळी तीन. मुलगी दारात घड्याळ घेऊन उभी होती. ज्यांना मास्कची भीती वाटते त्यांनी तलावात पैसे भरण्याआधी पंधरा दिवस हा सराव करावा. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर तो शनिवार वेगळा गेला असता.

रविवारी मास्क काढून पूर्ण तलावाची रुंदी पोहले. सरांनी पाण्याखाली दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या, आवाज आला नाही. बाकी, दुसऱ्याच्या रेग्युलेटरने श्वास घेणं, हवा संपल्याची खूण, अधांतरी तरंगणं, हे सगळं त्यामानाने लवकर जमलं. खुणांत एकच गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला. आपण 'मस्त' म्हणून अंगठा दाखवतो, पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला' असा आहे. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा.

मुंबईतल्या सगळ्याचे 19,000 रुपये झाले, थिअरीसकट. दोन्ही ठिकाणच्या डाइव्ह सेंटरना मी डिसेंबरातच मेल केले. त्यात चार गोष्टी लिहिल्या: जहाज किती वाजता लागतं आणि सुटतं, माझ्याकडे रेफरल आहे, दोनच डाइव्ह करायच्या आहेत, आणि उशीर झाला तर थांबणार नाही. एका सेंटरने 'वेळ फार कमी आहे' म्हणून नकार दिला. मला तो नकार आवडला. जहाजाच्या कंपनीलाही विचारून घ्या की त्यांच्या सहलीशिवाय स्वतंत्र उतरू देतात का. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. आमचा कंपनीने काढला, आम्ही फॉर्म, आधार आणि फोटो महिनाभर आधी दिले.

सोमवारी 10 फेब्रुवारीला बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलवर पोचलो. रांगेत दोन तास गेले. जहाज सुटताना आई डेकच्या कठड्याला धरून उभी होती, ससून डॉक कुठे, कुलाब्याचा दांडा कुठे ते नातवंडांना दाखवत. मी केबिनमध्ये फॉर्मच्या तीन झेरॉक्स मोजत होते.

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला जहाज मुरगावला लागलं. टॅक्सीने बायणा किनारा जवळच आहे. तिथून लहान बोटीने ग्रँड आयलंड, पाऊण तास. गोव्याचं पाणी हिरवं आणि गढूळ, तीन-चार मीटरपलीकडे काही दिसत नाही. मला त्याची धास्ती होती. दोरीला धरून खाली उतरताना तिसऱ्या मीटरला डावा कान दुखायला लागला. तिथल्या प्रशिक्षक सरांना हाताने कानाची खूण केली, एक मीटर वर आले, नाक दाबून फुंकलं, 'पक्' झालं, पुन्हा खाली. हे तीनदा करावं लागलं. घाई कोणीच केली नाही. कान दुखत असताना जोर लावून खाली जाऊ नका, आणि सर्दी असेल तर डाइव्ह सोडून द्या.

सात मीटरवर वाळूत गुडघे टेकले आणि सरांनी मास्कची खूण केली. आजूबाजूला हिरवा धुरकट पडदा, बघण्यासारखं काहीच नाही. त्यामुळेच असेल, लक्ष सगळं श्वासावर राहिलं. मास्क काढला, खारं पाणी डोळ्यांना झोंबलं, वीसपासून उलटे आकडे सुरू केले. चौदावर पोचले तोवर सरांनी माझ्या हातात मास्क दिलाही होता. दुसरी डाइव्ह अकरा मीटरपर्यंत गेली. वर आल्यावर बोटीवर मिळालेला चहा आणि बिस्किटं मी आयुष्यभर विसरणार नाही. दोन डाइव्हचे 9,500. पाच वाजता जहाजावर परत.

बुधवारी दिवसभर समुद्र. दुपारी फॉर्म काढून वाचत बसले आणि पोटात खड्डा पडला. दुसऱ्या डाइव्हच्या कौशल्यांसमोरचे रकाने रिकामे होते. खाली सही होती, तारीख होती, पण मधल्या चौकटीत प्रशिक्षकाची आद्याक्षरं नव्हती. पुढच्या प्रशिक्षकाने ती डाइव्ह धरलीच नाही, तर माझ्या हिशोबात एकच डाइव्ह उरत होती. फोनला रेंज नाही. जहाजाचं वायफाय घेतलं, एका दिवसाचे 1,800 रुपये. गोव्याच्या सेंटरला फोटोसह मेल आणि व्हॉट्सअॅप दोन्ही केलं. रात्री साडेनऊपर्यंत उत्तर नाही. आईने विचारलं, "तोंड का असं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं, चूक त्यांची, कागद तुझ्याकडे. झोप आता." झोप आली नाही. फॉर्म बोटीवरच, त्यांच्यासमोर, ओळ न् ओळ तपासून घ्या. ओल्या हाताने, थकलेल्या डोक्याने तो घडी करून पिशवीत टाकू नका. मी तेच केलं होतं.

गुरुवारी सकाळी सहाला मेल आला होता: भरलेल्या रकान्यांसह पान स्कॅन करून, शिवाय दोन ओळींचं माफीपत्र. जहाजाच्या रिसेप्शनवर प्रिंट काढून घेतली.

अगत्तीला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. लांब नांगर टाकतात आणि लहान बोटींतून उतरवतात. आदल्या रात्री सहलीच्या काउंटरवर सांगून मी पहिल्या बोटीत जागा मागून घेतली होती. आईलाही त्याच बोटीत यायचं होतं. दोन खलाशांनी दोन्ही हात धरून तिला उतरवलं. बोटीत बसल्यावर तिने पाण्यात बोटं घातली आणि म्हणाली, "अगदी पडाव गं."

तिथल्या सरांनी आधी कागद बघितले. गोव्याच्या सेंटरला फोन करून खात्री केली, मगच बोटीकडे नेलं. त्या पंधरा मिनिटांत मी त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवायला लागले. बेटालगतच्या उथळ, शांत पाण्याच्या (लगूनच्या) बाहेर, प्रवाळाच्या कडेला बोट थांबली. मागे सरकून उडी मारली आणि खाली बघितलं तर तळ दिसत होता. पंधरा मीटर खोल, आणि वाळूवरच्या वळ्याही दिसत होत्या.

तिसरी डाइव्ह 14 मीटर. सरांचे फिन्स, म्हणजे पायात घालायचे पोहण्याचे पंख, बोटीवर लालभडक होते, खाली ते काळपट तपकिरी झाले. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी हरवतो, हे थिअरीत वाचलं होतं, डोळ्यांनी बघणं वेगळं. पोपटमासे प्रवाळ कुरतडताना कटकट असा आवाज येतो, तो स्पष्ट ऐकू येतो. एक कासव आमच्या अंगावरून, घाई न करता, पुढे गेलं. पण मोठमोठे पट्टे राखाडी, मेलेले होते, वर शेवाळ. 2024 च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि लक्षद्वीपचं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं. सरांनी पाटीवर फक्त '2024' लिहून दाखवलं. मी हात छातीशी बांधून घेतले, एकही फिन कशाला लागू नये म्हणून. तरंगण्याचा तोल शिकायचा का, हे मला तिथे नीट समजलं.

तासभर विश्रांती, नारळपाणी, मग चौथी. यात सहा मीटरवरून एकाच श्वासावर, 'आऽऽ' असा आवाज काढत, हवा सोडत पृष्ठभागावर यायचं होतं, हवा संपली तर काय करायचं त्याचा सराव. अर्ध्या वाटेत वाटलं की हवा संपली, पण दाब कमी होत जातो तशी छातीतली हवा पसरते आणि पुरते. पुन्हा खाली गेलो, 17 मीटरपर्यंत. होकायंत्राने सरळ रेषेत जाऊन परत आले. परतताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. दोरी धरून लोंबकळत होते, वरून ऊन तिरपं येत होतं, माझे बुडबुडे त्यातून वर जात होते. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं होतं. नाकाने फुंकून काढलं, आणि ते काढून झाल्यावर लक्षात आलं की मी आपोआप केलं.

या दोन डाइव्हचे 12,000. म्हणजे डॉक्टर आणि वायफाय धरून सगळे मिळून 46,900 रुपये, क्रूझचं तिकीट वेगळं. एकाच ठिकाणी चार-पाच दिवस राहून केलं असतं तर कमी लागले असते. माझ्याकडे ते दिवस नव्हते. एक फायदा मात्र क्रूझचाच: एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर किमान 18 तास विमानात बसता येत नाही. आम्ही परत जहाजानेच येणार होतो, त्यामुळे तो हिशोब करावाच लागला नाही.

किनाऱ्यावर आई माडाच्या सावलीत बसली होती, पायातल्या चपला बाजूला काढून. मला बघून तिने पहिलं विचारलं, "नाकात पाणी गेलं का गं?"

"गेलं," म्हटलं. "काढलं."

शनिवारी 15 ला मुंबई. अगत्तीच्या सरांनी नोंद पाठवली होती, पण कार्डासाठीचा माझा फोटो गॉगल घातलेला निघाला म्हणून परत मागितला. दुसरा पाठवला. बुधवारी 19 तारखेला, बँकेत काउंटरवर असताना फोनवर कार्ड आलं. जेवणाच्या सुट्टीत मुंबईच्या सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: "लॉगबुक घेऊन या, तलावाच्या पानावर माझा शिक्का राहिलाय." येत्या रविवारी अंधेरीला जायचंय.